आहारशास्त्र आणि निसर्गोपचार: शिकायचं कुठे, कसं आणि हात कुठे आवरायचा

एनआयएन ही तीन अक्षरं या क्षेत्रात दोन संस्थांना लागतात, आणि नव्या विद्यार्थ्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. हैदराबादचं एनआयएन ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पोषण संस्था. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूरला एका खोलीतल्या प्रयोगशाळेत तिची सुरुवात केली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. भारतीय माणसाला रोज किती प्रथिनं, किती लोह, किती कॅल्शियम लागतं याचे आकडे तिथून येतात. पुण्याचं एनआयएन वेगळं. ताडीवाला रोडवरच्या बापू भवनातली ही राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था. डॉ. दिनशॉ मेहता यांचं नेचर क्युअर क्लिनिक या जागी होतं आणि गांधीजी इथे मुक्कामाला असायचे. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी निसर्गोपचाराचा अखिल भारतीय न्यास इथेच स्थापन झाला, म्हणून १८ नोव्हेंबर हा निसर्गोपचार दिन. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, उरुळी कांचनचा आश्रम सुरू झाला आणि मणिभाई देसाईंनी तो उभा केला.

हैदराबादचं शास्त्र तराजू आणि तक्त्यांवर चालतं, पुण्याचं पाणी, माती आणि हातांवर. ‘होलिस्टिक हेल्थ’ म्हणून काम करायचं असेल तर दोन्हींची ओळख हवीच. पण दोन्हींच्या पदव्या वेगळ्या, कायदे वेगळे, आणि पदवी हातात आल्यावर काय करायची मुभा मिळते तेही वेगळं. हे आधी समजून न घेता फी भरली की पुढची दोन-तीन वर्षं ते निस्तरण्यात जातात.

आधी ठरवा: दारावरच्या पाटीवर काय लिहायचंय

पाटीवर ‘आहारतज्ज्ञ’ हवं असेल तर रस्ता सरळ आहे. अकरावी-बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्रासह. मग पोषण आणि आहारशास्त्रातली पदवी, त्यानंतर एमएस्सी किंवा पदव्युत्तर पदविका, आणि रुग्णालयातली इंटर्नशिप. महाराष्ट्रात होम सायन्सची जुनी परंपरा आहे: मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतन, नागपुरात एलएडी. इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ परीक्षा पुढे देता येते आणि मोठ्या रुग्णालयांत तिला वजन असतं.

या वाटेवरचा सगळ्यात मोठा बदल २०२१ चा. त्या वर्षीच्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट ही दोन्ही नावं आली. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचा, तीन ते सहा वर्षांचा अभ्यासक्रम या कायद्याने धरला आहे. आता शनिवार-रविवार तीन-तीन तास, बारा आठवडे चालणाऱ्या प्रमाणपत्र वर्गाचं गणित करा: ७२ तास. असा वर्ग स्वतःच्या घरचं जेवण सुधारायला चांगला, पण त्याच्या जोरावर दुसऱ्याच्या मूत्रपिंडाचा आहार ठरवू नका.

याच कायद्याचा दुसरा परिणाम पुष्कळांच्या लक्षात आलेला नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. त्यात अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन व डायटेटिक्स दोन्ही येतात. म्हणून ‘घरबसल्या एमएस्सी डायटेटिक्स’ अशी जाहिरात दिसली तर प्रवेश कोणत्या सत्रातला आणि त्याला मान्यता कोणाची, हे लेखी विचारा.

पाटीवर ‘निसर्गोपचारतज्ज्ञ’ हवं असेल तर पदवी बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगशास्त्राची पदवी. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र हे सगळं त्यात असतं, आणि त्याबरोबर जलोपचार, मसाज, उपवास, आहार, योगोपचार. कर्नाटकातलं उजिरेचं एसडीएम महाविद्यालय हे या पदवीचं जुनं आणि नावाजलेलं केंद्र. प्रवेशाचे नियम राज्यागणिक निराळे असतात, म्हणून त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच वाचा.

इथे एक अडचण आहे. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्यासाठी २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग झाला, पण निसर्गोपचार त्यात आला नाही. नोंदणीचा प्रश्न राज्यांवर राहिला. कर्नाटक, तमिळनाडू यांसारख्या राज्यांत सोय आहे. तुम्ही जिथे व्यवसाय करणार त्या राज्यात या पदवीची नोंदणी कुठे होते, हे प्रवेशाआधी विचारायचं. साडेपाच वर्षांनंतर विचारून उपयोग नाही.

तिसरी वाट उपचार-सहायकाची. मसाज, पट्ट्या, स्नानं, बाष्पोपचार हे प्रत्यक्ष हाताने करणारा माणूस. पुण्याच्या एनआयएनमध्ये यासाठी एक वर्षाचं प्रशिक्षण चालत आलं आहे. या कामाला लोक उगाच कमी लेखतात. चांगल्या निसर्गोपचार केंद्रात रुग्णाला बरं वाटण्यातला मोठा वाटा याच हातांचा असतो.

चौथी वाट योगाची. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा पायरीपायरीच्या आहेत. सुरुवात योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरपासून होते, आणि योगोपचाराची शाखा स्वतंत्र आहे. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलं. योगाकडे प्रयोगशाळेतून बघायची सवय तिथे पहिल्यापासून आहे, आणि कला-वाणिज्य शाखेतून आलेल्यांना शिकायला यासारखी दुसरी जागा सांगणं अवघड.

आमचं मत विचाराल तर बारावीत जीवशास्त्र असलेल्याने आधी आहारशास्त्राची पक्की पदवी घ्यावी आणि योग किंवा निसर्गोपचार नंतर जोडावा. उलट क्रमाने गेलेल्यांना जीवरसायन पुन्हा मुळापासून गिरवावं लागतं, आणि तिशीत ते जड जातं.

कॉलेजच्या ऑफिसात विचारायचे प्रश्न

पदवी कोणतं विद्यापीठ देणार आणि ते यूजीसीच्या यादीत आहे का? इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, किती महिने, आणि तिथे डायलिसिस विभाग, अतिदक्षता विभाग, प्रसूती विभाग आहेत का? ज्या रुग्णालयात नळीवाटे आहार दिलाच जात नाही तिथे सहा महिने काढून तुम्ही तो शिकणार नाही. निसर्गोपचाराचं कॉलेज असेल तर आंतररुग्ण विभागात खाटा किती आणि रोज भरलेल्या किती, हे स्वतः सकाळी सातला जाऊन बघा. उपचार सकाळी चालतात. त्या वेळी स्नानगृहं कोरडी असतील तर माहितीपत्रकातले फोटो कितीही सुंदर असोत, ते कॉलेज नको.

शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून विचारा: “तुझ्या नावावर किती केसेस आहेत?” आकडा पटकन सांगता आला तर बरं.

पहिल्या वर्षी जीव कशावर लावायचा

शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायन. बाकी विषय यांच्या खांद्यावर बसतात. यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड आणि आतडं ही चार इंद्रियं काय करतात ते मराठीत, आजीला समजेल असं दहा मिनिटांत सांगता आलं पाहिजे. ते जमलं की ‘डिटॉक्स’ नावाच्या धंद्याचा मोहही सुटतो. शरीरातली नको असलेली द्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंड चोवीस तास करत असतात, त्यासाठी हिरव्या रसाच्या सात दिवसांच्या पॅकेजची गरज नसते.

आकडे थोडेच पाठ करा, पण पक्के. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढाला प्रथिनं दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. लोह पुरुषाला १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम, कॅल्शियम १,००० मिलिग्रॅम. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे २,११० किलोकॅलरी, ५५ किलोच्या स्त्रीला १,६६०. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ किलोकॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटर ही सीमा.

पदार्थांचे आकडे पाश्चात्त्य ॲपवरून घेऊ नका. हैदराबादच्या संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते आहेत, ५२८ पदार्थांचे, देशभरातून नमुने गोळा करून तपासलेले. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूरडाळ यांचे आकडे तिथे आपल्या मातीतल्या धान्याचे मिळतात. नाचणीत १०० ग्रॅममागे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, बाजरीत ६.४ मिलिग्रॅम लोह. तक्ता वापरताना एक चूक जवळपास प्रत्येक जण करतो: आकडा कच्च्या धान्याचा असतो आणि ताटात शिजलेला पदार्थ असतो. १०० ग्रॅम तांदळाचा भात अडीच ते तीनपट वजनाचा होतो. १५० ग्रॅम भाताला कच्च्या तांदळाचा हिशोब लावला की ५३० किलोकॅलरी येतात, खरा आकडा दोनशेच्या आसपास. अशी एक चूक आख्ख्या आहार-आराखड्याचा बट्ट्याबोळ करते.

चोवीस तासांचा आहार काढणं

माणसाने चोवीस तासांत काय आणि किती खाल्लं ते विचारून नोंदवणं, हे आहारतज्ज्ञाचं स्टेथोस्कोप. वर्गात अर्ध्या तासात शिकवतात, पण हाताला वळण लागायला दोन-अडीचशे माणसं लागतात.

आधी साहित्य जमवा. एक ग्रॅमपर्यंत अचूक किचन काटा, चहाचा आणि पोह्याचा चमचा, पळी, आणि तीन मापांच्या वाट्या. वाट्यांत काठापर्यंत पाणी ओतून काट्यावर ठेवा, रिकामं वजन वजा करा, आणि आलेले मिलिलिटर वाटीच्या बुडाशी लिहून ठेवा. एका घरातली ‘वाटी’ १०० मिलिलिटरची असते, दुसऱ्या घरातली २००. समोरच्याला तिन्ही वाट्या दाखवून “तुमची यातली कोणती?” एवढंच विचारायचं.

मग पाच फेऱ्या. पहिल्या फेरीत मध्ये न बोलता ऐका: काल उठल्यापासून आज उठेपर्यंत तोंडात काय-काय गेलं. “नाश्त्याला काय खाल्लं?” असं विचारू नका. नाश्ता न केलेला माणूसही संकोचाने “पोहे” म्हणून टाकतो. “उठल्यावर पहिलं काय घेतलं?” हा प्रश्न बरा. दुसऱ्या फेरीत वेळ आणि जागा. तिसरीत कृती आणि माप: भाजी रश्श्याची की परतलेली, कूट घातला का, ताटात वरून तेल घेतलं का. चौथी फेरी विसरलेल्याची: चहाबरोबरची बिस्किटं, तूप, लोणचं, पापड, प्रसाद, लेकराने ताटात टाकलेलं म्हणून खाल्लेलं. आयांच्या आहारातला हा शेवटचा हिस्सा कधीच आपणहून सांगितला जात नाही. पाचव्या फेरीत सगळं वाचून दाखवा आणि काय राहिलं ते विचारा.

भाकरीचं उदाहरण घेऊ. “दोन भाकऱ्या” हे माप नव्हे. शहरातल्या तव्यावरची छोटी भाकरी ४५ ग्रॅम पिठाची होते, शेतावर बांधून न्यायची मोठी ८० ग्रॅमची. ज्वारीत १०० ग्रॅममागे ३३४ किलोकॅलरी आणि सुमारे १० ग्रॅम प्रथिनं. छोट्या दोनमध्ये ३०० किलोकॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं, मोठ्या दोनमध्ये ५३४ आणि १६. हा फरक एका वेळच्या जेवणातला. वरणाचंही तसंच. १५० मिलिलिटरच्या वाटीत पातळ वरण असेल तर त्यात डाळ २० ग्रॅम, घट्ट असेल तर ३०. प्रथिनं अनुक्रमे चार-साडेचार ग्रॅम आणि साडेसहा. म्हणून माणसाने दोन्ही वेळा “वरण-भात-भाजी-पोळी” खाल्लेली असते आणि प्रथिनांची बेरीज पस्तिसावर अडकलेली असते. आयसीएमआरच्या २०२४ च्या मार्गदर्शनातलं दोन हजार किलोकॅलरींचं ताट बघा: तृणधान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम. आपल्या बहुतेक घरांत ही दुसरी बाजू अर्ध्यावर असते. उपाय साधा आहे: वरण घट्ट करा, उसळ रोज करा, भाकरीबरोबर दाण्याची चटणी वाढवा. २० ग्रॅम दाण्यात पावणेपाच ग्रॅम प्रथिनं मिळतात. पण त्यातच १०४ किलोकॅलरीही येतात, हे विसरू नका.

तेल, साखर आणि मीठ यांच्याबद्दल व्यक्तीला विचारूच नका, किराणा यादीला विचारा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, म्हणून माणशी रोज ३० ग्रॅम. आयसीएमआरच्या त्या ताटात तेला-तुपाला जागा २७ ग्रॅमची. पाच किलो साखर म्हणजे माणशी जवळपास ४२ ग्रॅम, आणि त्यातली बहुतेक चहातून जाते. एक किलो मीठ म्हणजे माणशी आठ ग्रॅमहून जास्त. लोक “आमच्याकडे तेल फार कमी” असं मनापासून सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. फोडणी घालणाऱ्याला तेल दिसतच नाही. किराण्याचं बिल मात्र दाखवतं.

एकाच दिवसावर विसंबू नका. कामाचे दोन दिवस, सुट्टीचा एक, आणि गुरुवार-सोमवार-एकादशी पाळत असतील तर उपवासाचा एक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. आठवड्यात दोन उपवास करणाऱ्या मधुमेही बाईंची साखर त्याच दोन दिवशी का चढते, याचं उत्तर खिचडीच्या ताटलीत असतं. त्यांना “उपवास सोडा” म्हणू नका. वरीचे तांदूळ बेताने, राजगिरा, दाण्याची आमटी, ताक, दही असा उपवास लिहून द्या. तो पाळला जातो.

पाणी, माती, वाफ

निसर्गोपचाराची तंत्रं बघायला सोपी, म्हणून हाताळणी ढिली होते. जलोपचारात तापमान हीच मात्रा आहे. १० ते १८ अंश सेल्सियस थंड, ३३ ते ३६ समशीतोष्ण, ३७ ते ४० गरम. हाताने पाणी चाचपून अंदाज घेणारा सहायक धोक्याचा, कारण दिवसभर गरम पाण्यात काम करून त्याच्या हाताची जाणीव बोथट झालेली असते. प्रत्येक टबाला थर्मामीटर हवा.

गरम पादस्नान नीट करायचं ते असं. रुग्णाला आधी ग्लासभर पाणी द्या आणि रक्तदाब मोजा. बादलीत पाणी पोटरीच्या मध्यापर्यंत, सुरुवात ३९-४० अंशांवर. पाय आत गेल्यावर कडेने, पायावर न ओतता, गरम पाणी घालत ४२ पर्यंत न्या. डोक्यावर ओला गार रुमाल, अंगावर चादर. १५ ते २० मिनिटं. शेवटी पावलांवर थोडं गार पाणी ओता आणि बोटांच्या बेचक्यांसकट कोरडं पुसा. रुग्णाला लगेच उठवू नका. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, झटकन उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि माणूस ओल्या फरशीवर कोसळतो.

यात होणारा सगळ्यात वाईट अपघात मधुमेहींचा. पावलांची संवेदना गेलेली असते, पाणी ४६ अंशांवर गेलेलं असतं, रुग्ण “छान वाटतंय” म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी फोड. तो फोड चिघळून बोट कापायची वेळ येऊ शकते. म्हणून प्रत्येक मधुमेहीच्या तळव्याला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्शाची जाणीव तपासायचा नायलॉनचा धागा) लावून बघायचा. एका ठिकाणीही जाणवला नाही तर गरम पादस्नान बंद. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांनाही हे स्नान देऊ नका.

माती पट्टीची माती जमिनीखाली तीन-चार फुटांवरची, खतं-फवारण्या किंवा कचरा न पडलेल्या जागेची. उन्हात वाळवून, खडे काढून, चाळून घ्यायची आणि रात्रभर स्वच्छ पाण्यात भिजवायची. सकाळी मळून ती थालिपिठाच्या पिठाइतकी सैल झाली पाहिजे. पातळ झाली तर ओघळते आणि रुग्ण गारठतो, घट्ट राहिली तर कातडीला चिकटून बसत नाही. ओल्या सुती कापडावर २५ बाय १५ सेंटीमीटर, अडीच सेंटीमीटर जाडीचा थर पसरा आणि घडी करून ओटीपोटावर ठेवा. रिकाम्या पोटी, २० ते ३० मिनिटं. वापरलेली माती दुसऱ्याला वापरायची नाही. जखम, ओरखडा, ताजी शस्त्रक्रिया असेल तिथे माती अजिबात नको, कारण धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. माती ‘शुद्ध’ असल्याचं कोणी कितीही सांगो.

बाष्पस्नान गरोदर स्त्री, हृदयविकार आणि आटोक्यात नसलेला रक्तदाब यांना वर्ज्य. एनिमा पुस्तकावरून करायला जाऊ नका, देखरेखीखालीच शिका. रक्त पडणारी मूळव्याध, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विषय सोडून द्या.

या उपचारांनी काय होतं हेही खरं सांगितलं पाहिजे. स्नायूंची आखड सुटते, झोप सुधारते, मन निवतं, आणि दहा दिवस साधं जेवून, चालून, मोबाइल बाजूला ठेवून वजन आणि साखर उतरते. हे थोडं नाही. पण माती पोटातलं ‘विष ओढून घेते’ असं रुग्णाला सांगू नका.

उपवास आणि औषधं

निसर्गोपचारातलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे उपवास. रसाहार, म्हणजे फक्त रसांवर राहणं, सुरू करण्याआधी रुग्णाच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना जेवण बंद केलं की साखर धोक्याच्या खाली जाते. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांचा धोका आणखी फसवा: उपवासात साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, पोटदुखी आणि धाप लागली की ग्लुकोमीटरवर विश्वास न ठेवता रुग्णालयात पाठवा. औषध कमी करायचं की थांबवायचं हे लिहून देणारा डॉक्टर ठरवेल, आहारतज्ज्ञ नाही. साखर ७० च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

औषध आणि आहाराच्या बाकीच्या जोड्याही तोंडपाठ हव्यात. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन घेणाऱ्याला पालेभाजी बंद करायची नसते, रोज सारखी ठेवायची असते. थायरॉइडची गोळी अनशापोटी, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायला सुचवा. मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळं, फळांचे रस आणि ‘लो सोडियम’ मीठ घातक, कारण या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर त्यांनी चाखूही नये, त्याचा मेंदूवर विषारी परिणाम होतो. आणि दुधीचा रस पिणारा कोणीही भेटला तर सांगा: आधी दुधीची फोड चाखायची, कडू लागली तर आख्खा दुधी फेकायचा. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत.

काही लक्षणं दिसली की आहाराचा कागद बाजूला ठेवायचा आणि डॉक्टरकडे चिठ्ठी लिहायची. कारण नसताना उतरलेलं वजन, काळी किंवा रक्ताची शौच, दोन आठवड्यांहून जुना खोकला, छातीत दुखणं, रक्तदाब १८०/१२० च्या पुढे. अंगणवाडी किंवा आदिवासी भागात काम करत असाल तर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या आत आला की ते तीव्र कुपोषण, तिथे घरचा सल्ला पुरत नाही.

इंटर्नशिपची वही

प्रत्येक केसला एक पान. वजन, उंची, घेर, तपासण्या, औषधं, काढलेला आहार, दिलेला आहार, आणि पंधरा दिवसांनी काय झालं. शेवटचा रकाना बहुतेक इंटर्न रिकामा ठेवतात, आणि शिकणं तर त्याच रकान्यात असतं. दिलेला आहार का पाळला गेला नाही ते रुग्णाच्या शब्दांत लिहा: “सासूबाई वेगळी भाजी करू देत नाहीत”, “दुसऱ्या पाळीत डबा गार होतो”. पुढचा आराखडा या वाक्यांवर बेतायचा. सहा महिन्यांत दीडशे पानं भरली तर नोकरीच्या मुलाखतीला ही वहीच घेऊन जा. नावं मात्र काढून, फक्त क्रमांक ठेवून.

स्वतःचं सुरू करताना

पहिली भेट ४५ मिनिटांची, दुसरी वीस. संमतीपत्र मराठीत, आणि त्यात हे स्पष्ट की चालू औषधं डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाहीत. हाताने करायच्या उपचारांना शक्यतो स्त्रीसाठी स्त्री, पुरुषासाठी पुरुष सहायक, आणि दाराबाहेर एक माणूस कायम. नावापुढे ‘डॉ.’ लावायचा मोह आवरा. पोषणातली पीएचडी असली तरी दवाखान्याच्या पाटीवर ते वैद्यकीय डॉक्टर म्हणूनच वाचलं जातं, म्हणून तिथे विषयाचं नाव ठळक लिहा.

जाहिरात लिहिण्याआधी १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा वाचा. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, रक्तदाब हे सगळे त्याच्या अनुसूचीत आहेत. “९० दिवसांत मधुमेहमुक्ती” असं व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकणं हीसुद्धा जाहिरातच. लाडू, पिठं, सत्त्व विकणार असाल तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी. आमचा आग्रह असा की पहिली दोन वर्षं काहीच विकू नका. ज्याच्या कपाटात प्रोटीन पावडरचे डबे असतात त्याला प्रत्येक रुग्णात प्रथिनांची कमतरता दिसू लागते.

परदेशातल्या मराठी माणसांना ऑनलाइन सल्ला देणाऱ्यांनी तिथला कायदा बघावा. ब्रिटनमध्ये ‘डायटिशियन’ हे नाव कायद्याने राखीव आहे आणि एचसीपीसी या तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक परिषदेच्या नोंदणीशिवाय ते वापरता येत नाही.

आराखडा लिहून देताना कागद एकच, एका बाजूचा. त्यावर बदल दोन किंवा तीन, आणि माप त्या घरच्या वाटीत. “प्रथिनं वाढवा” असं लिहू नका. “रात्रीच्या भाताऐवजी तुमच्या मधल्या वाटीने एक वाटी मटकीची उसळ, आठवड्यात चार दिवस” असं लिहा. पंधरा दिवसांनी फोन करून पहिला प्रश्न विचारायचा तो वजनाचा नाही: उसळ किती दिवस झाली? चारपैकी दोन झाली असेल तर तिसऱ्या दिवसासाठी मटकी कधी भिजत घालायची, तेवढंच त्या फोनवर ठरवा.